उस्तादांचा हात

उस्तादांच्या हाताबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे. पण कुठलं निम्मं, ते आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही. म्हणे एकाची गाडी सारखी उजवीकडे जायची, तर उस्तादांनी स्टेअरिंगला नुसती करंगळी लावून सांगितलं की गाडीत काही दोष नाही, तू बायकोच्या बोलण्यापासून लांब सरकून दाराला चिकटून बसतोस, तेवढं बंद कर. म्हणे दुसऱ्याला सांगितलं, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात कलिंगड आहे, ते आधी काढ, मग बोलू. आणि कलिंगड निघालं, तेही नासकं. एक फौजदार नवी कोरी म्हणून घेतलेली गाडी मिरवत आला, तर दार लावल्याच्या आवाजावरून उस्तादांनी ओळखलं की ही बया एकदा विहिरीत जाऊन आलेली आहे. त्या दिवसापासून फौजदाराने मिशीला पीळ देणं सोडलं म्हणतात.

विहिरीचं सोडा. पण गाडी कुठल्या बाजूला ओढते, का ओढते, पुढच्या चाकामागचा कोणता सांधा झिजलाय, हे सांगण्यात उस्तादांचा हात धरणारा कुणी नव्हता, ही गोष्ट मात्र खरी. निदान एके काळी खरी होती.

त्यांची रीत ठरलेली. गाडी आली की उस्ताद कपाटातला पांढरा शर्ट काढून घालायचे. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट म्हणजे कोळशाच्या वखारीत बगळा. पण त्या शर्टावर कधी डाग पडला नाही, आणि लोकांच्या लेखी अर्धी विद्या तिथेच सिद्ध व्हायची. मग ते गाडीत बसायचे, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं स्टेअरिंगवर ठेवायचे आणि गॅरेजच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक गोल मारून यायचे. तो रस्ता सपाट आणि सरळ होता. त्याच्यासाठीच तर त्यांच्या वडिलांनी गॅरेजला ती जागा धरली होती. परत आले की दार हळू लावायचे आणि एकच वाक्य बोलायचे. "उजवा टाय रॉड." किंवा "डावीकडचं बुश." कधी गिऱ्हाईक म्हणायचं, उस्ताद, नीट तपासून तरी बघा. तेव्हा ते नुसते हसायचे, आणि बाकीची गिऱ्हाइकं त्या माणसाकडे असं बघायची की बिचारा पुढच्या खेपेला मान खाली घालूनच यायचा.

वाक्य बोलून झालं की उस्तादांचं काम संपलं. पुढचं काम त्यांच्या धाकट्या भावाचं.

धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत, केस पांढरे झाले तरी. त्याचं आयुष्य गाड्यांच्या खाली गेलं होतं. गॅरेजच्या मधोमध एक खड्डा होता, त्यात उतरून; नाहीतर जॅकवर चढवलेल्या गाडीखाली उताणा पडून. गिऱ्हाइकांना त्याचे फक्त पाय ठाऊक. एकदा बाजारात एका जुन्या गिऱ्हाइकाशी तो बराच वेळ बोलत होता आणि गिऱ्हाईक आपलं अनोळखी माणसाशी बोलावं तसं जपून बोलत होतं, मग त्याची नजर खाली धाकट्याच्या बुटांवर गेली आणि ते म्हणालं, "अरेच्चा, तुम्ही होय!" धाकट्याने ही गोष्ट घरी हसत सांगितली. बायको हसली नाही.

कारण बायकोला एक गोष्ट माहीत होती, जी त्या दोघांखेरीज जगात कुणालाही माहीत नव्हती. उस्तादांचा हात कधीच गेला होता.

फार वर्षांपूर्वी, एका दूधवाल्याच्या गाडीचा ब्रेक चिकटून चाक तापलं होतं, इतकं की त्यावर थुंकलं तर चर्र व्हावं. उस्ताद दूधवाल्याशी गप्पा मारत उभे होते, आणि बोलता बोलता त्यांनी त्या चाकाच्या तापलेल्या लोखंडावर तळवा टेकवला. टेकवला तो टेकवलाच. गप्पा चालू. धाकट्याला आधी वास आला, मग दिसलं. त्याने भावाचा हात उचलून बाजूला केला. उस्तादांनी तळव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, कामाने कातडी कशी राठ होते बघ. साखरेच्या आजाराने बोटं बधिर होतात हे धाकट्याला पुढे डॉक्टरकडून कळलं. उस्ताद डॉक्टरकडे कधी गेलेच नाहीत. ज्याला गाडीची नाडी कळते त्याने डॉक्टरकडे कशाला जायचं?

त्यानंतरच्या गाडीबद्दल उस्तादांनी सांगितलं, उजवा टाय रॉड. धाकटा खाली गेला. टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, ठणठणीत होता. चाक धरून ठेवणाऱ्या डावीकडच्या खालच्या आर्मचं रबरी बुश मात्र फाटून लोंबत होतं. पहार घालून जरा उचकलं की अख्खा आर्म मागेपुढे सरकायचा. धाकटा उताणा पडून त्या बुशाकडे बघत राहिला. बाहेर उस्तादांचे पाय दिसत होते, पॉलिश केलेले बूट. आईबाप लवकर गेल्यावर याच माणसाने त्याला वाढवलं होतं. पाना कसा धरायचा, बोल्ट कधी ऐकतो आणि कधी रुसतो, सगळं त्यानेच शिकवलं. आता त्याला या पडून राहिलेल्या जागेवरून ओरडून सांगायचं, दादा, चुकलास? ते पण गिऱ्हाइकासमोर?

त्याने टाय रॉड बदलला आणि बुशही बदललं. गाडी सुतासारखी सरळ गेली. उस्ताद म्हणाले, "पाहिलंस?" धाकटा म्हणाला, "पाहिलं."

तिथेच सगळं सडलं. चांगुलपणाने केलेली चूक हरळीसारखी असते. कुणी पेरत नाही, आणि उपटायला जावं तर मूठ रक्ताळते. त्या दिवसापासून उस्ताद वर बसून वाटेल ते सांगत राहिले आणि धाकटा खाली पडून ते खरं करत राहिला. उस्तादांचं वाक्य झालं की तो गाडी धुऊन आणतो म्हणून टाकीमागे न्यायचा आणि तिथे स्वतः तपासायचा. आधी चारी चाकांची हवा. मग पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी घालून बघायचा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरमध्ये. मग चाकांना हात लावून बघायचा, एक जास्त तापलेलं असलं तर ब्रेक. मग चाक हवेत उचलून वरून-खालून धरून हलवायचा, आडवं धरून हलवायचा, जिथे खडखड जाणवेल तिथे बोट ठेवायचा. टायरची आतली कड खाल्ली गेलीय का बाहेरची, हे तर त्याला अंधारातसुद्धा तळव्याने कळायचं. सापडेल ते दुरुस्त करायचा, उस्तादांनी सांगितलेलंही बदलायचा, आणि तोंड पुसून गाडी फाटकाशी उभी करायचा.

सुरुवातीला त्यात माया होती. मग सवय झाली. आणि मग, खोटं कशाला बोला, त्यात एक गोड खाज आली. अख्खी गल्ली ज्याच्या पाया पडते त्याची खरी गोम आपल्या एकट्याला ठाऊक असणं, ही काही साधी चैन नाही. धाकटा ती चैन गाडीखाली पडून भोगायचा. फक्त एक आशा त्याने मनाशी धरली होती: कधीतरी दादा थकेल, पांढरा शर्ट उतरवेल आणि चार लोकांसमोर म्हणेल, आता हा बसेल. हा सांगेल ते खरं. एवढं एक वाक्य. त्यासाठी तो आयुष्यभर उताणा पडायला तयार होता, आणि पडलाही होता.

मग आला जावई.

उस्तादांचा जावई पंख्यांच्या दुकानात होता. दुकान बुडालं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. उस्ताद त्याला गोल मारताना शेजारी बसवू लागले. डोळे अर्धे मिटा, बोटं सैल सोडा, गाडी आपण होऊन बोलते. डोळे मिटायला जावई पहिल्याच दिवशी शिकला. शिकण्यासारखं तेवढंच होतं. महिन्याभरात तोही परत येऊन दार हळू लावायला लागला. एक पांढरा शर्टही शिवून आला.

एके दिवशी दुपारचे डबे सोडताना उस्तादांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून गोल जावईबापू मारतील, आपण नुसते बसून बघू. पाटीवरही त्यांचं नाव चढेल. मग धाकट्याकडे वळून मायेने म्हणाले, "तू खाली आहेसच."

धाकट्याने त्या दिवशी डबा तसाच परत नेला. बायकोने झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं काय झालं. त्याने सांगितलं. ती आत गेली. भांडी बोलायला लागली. शेवटी हात पुसून बाहेर आली.

"अहो, त्यांच्या उघड्या हातांवर तुम्ही मोजे चढवून बसलात इतकी वर्षं. आता काढा ते मोजे. दिसू दे लोकांना बोटं."

"गॅरेज बसेल."

"बसू दे की. तुम्ही तर आडवेच आहात, तुम्हाला काय फरक पडतो?"

ही बाई बोलायला लागली की समोरच्याने आधी आपली हाडं मोजून घ्यावीत. पण बोलली ते धाकट्याच्या मनातलंच होतं. त्याने ठरवलं: भांडायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. उस्ताद सांगतील तेवढंच करायचं. त्याहून एक बोल्टही जास्त नाही. धाकट्या भावाने मोठ्या भावाचं अक्षरशः ऐकलं, याबद्दल त्याला कोण दोष देणार होतं?

पुढची गाडी शाळेतल्या मोठ्या बाईंची निघाली. या बाई इतक्या शिस्तीच्या की त्यांच्या गाडीतली माशीसुद्धा रांगेत उडायची म्हणत. त्या म्हणाल्या, गाडी डावीकडे ओढते, मी स्टेअरिंग उजवीकडे धरून धरून माझा खांदा एकीकडे झुकलाय, वर्गात फळ्यावरची ओळसुद्धा आता वाकडी जाते. उस्ताद शर्ट घालून गोल मारून आले. "डावा खालचा आर्म. मागचं बुश."

धाकट्याने गाडी टाकीमागे नेली. पुढची दोन चाकं आपसात बदलून चालवली. गाडी उजवीकडे ओढायला लागली. म्हणजे दोष टायरमध्ये. बाहेरून साजरा दिसणारा, पण आतून वाकडा बसलेला टायर. बुश तर नव्यासारखं होतं. त्याने चाकं पुन्हा होती तिथेच घातली, गॅरेजमध्ये येऊन बुश काढलं आणि दुसरं बसवलं. इतकं सुबक काम त्याने जन्मात केलं नव्हतं. टायरमुळे कुणाचा जीव जाणार नव्हता, एवढा हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता.

आठवडा सरायच्या आत बाई परत आल्या. गॅरेजमध्ये त्या वेळी चार-पाच जण होते. हेही बरंच झालं. बाई म्हणाल्या, अजून ओढते. धाकटा खड्ड्यातून वर आला, कापसाने हात पुसत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उस्तादांचा चेहरा समोरून बघायचा होता.

उस्ताद गाडीत बसले, गोल मारून आले, दार हळू लावलं. "निदान बरोबर आहे," ते म्हणाले. "बुश नीट बसलेलं नाही."

कुणी श्वाससुद्धा रोखला नाही. सगळ्यांना ते इतकं उघड वाटलं की एक टॅक्सीवाला, अंगाने दांडगा म्हणून ज्याला पैलवान म्हणत, तो हळहळून म्हणाला, वय झालं हो धाकट्याचं. दुसरा म्हणाला, नजर पण गेली असेल, खाली अंधार किती. उस्ताद चुकणं ही गोष्ट त्या गल्लीत शक्यच नव्हती. मग चुकायला शिल्लक कोण राहिलं? इतक्या वर्षांत ज्या ज्या गाड्या सरळ गेल्या त्या उस्तादांच्या होत्या. ही एक वाकडी गेली, ती मात्र धाकट्याची.

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थकलायस तू. थोडं बस आता. जावईबापू खालचंही बघतील."

धाकट्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की आता काहीही बोललं तरी ते जळकुट्या म्हाताऱ्याचं बोलणं ठरणार. त्याने तोंड मिटलं. दुसऱ्यासाठी खड्डा खणणाऱ्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते; पण आपणच खणलेल्या खड्ड्यातून आपल्यालाच हाकलून दिलेला माणूस हा पहिलाच असावा.

त्याला बसायला फाटकाशी जुन्या टायरांची चळत होती. तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ऐकायचा. बघायचा नाही, ऐकायचा. फाटकासमोर गटारावर एक फरशी होती, तिच्यावरून चाक उतरलं की गाडीचं पुढचं अंग कसं आहे ते कळायचं. एक दिवस पैलवानाची टॅक्सी आत आली आणि फरशीवरून उतरताना उजव्या चाकातून आवाज झाला, टक्. कोरडा, लहानसा. खालचा बॉल जॉइंट. चाकाला आर्मशी धरून ठेवणारा तो लोखंडी गोळा आपल्या वाटीत सैल झाला होता, आणि तो वाटीतून निसटला की चाक आडवं पडतं. उस्ताद गोल मारून आले आणि म्हणाले, शॉकअपचा वरचा माउंट. जावयाने, उस्ताद शेजारी उभे असताना, माउंट बदलला. मन लावून, जीभ बाहेर काढून बदलला. टॅक्सी निघाली. फरशीवर पुन्हा, टक्.

धाकट्याने पैलवानाकडे पाहिलं. पैलवानाने त्याला हात केला, म्हाताऱ्या माणसाला करतात तसा, जरा मोठ्याने. "बरं आहे ना? आराम करा!"

धाकटा म्हणाला, "बरं आहे."

एवढंच म्हणाला. याचा त्याला पुढे किती त्रास झाला हे सांगणं अवघड आहे, कारण त्याने ते कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी चौकात वळताना टॅक्सीचं उजवं चाक गाडीखाली दुमडलं. गाडी हळू होती, आत कुणी नव्हतं. पैलवानाचा ओठ फुटला आणि एका भाजीवालीच्या टोपल्या चिरडल्या, तेवढ्यावर निभावलं. गल्लीने निकाल लगेच दिला: उस्तादांनी सांगितलं ते खरंच होतं, जावयाने बोल्ट आवळला नसणार. पंख्यांच्या दुकानातला माणूस, त्याला काय कळणार! पैलवान स्वतः सुजलेल्या ओठाने हेच सांगत फिरत होता.

पण उस्ताद स्वतः तिथे उभे होते. प्रत्येक बोल्ट आवळताना त्यांनी पाहिला होता. आणि चौकातून ओढून आणलेल्या टॅक्सीखाली वाकून त्यांनी रिकामी वाटीही पाहिली. त्यांची बोटं मेली होती, डोळे नव्हते मेले.

त्यांनी मुलीची गाडी घेतली, शेजारी स्वतःच्या बायकोला बसवलं आणि आपला हात पारखायला टाकीकडे निघाले. डोळे मिटले, बोटं सैल सोडली. गाडी बाणासारखी सरळ चालली होती; निदान त्यांना तसं वाटत होतं. बायको म्हणाली, अहो. मग म्हणाली, अहो, अहो. मग गाडी न्हाव्याच्या ओट्यावर चढली. आत एकाची अर्धी दाढी झाली होती. तो उरलेली अर्धी तशीच ठेवून पळाला, आणि तिकडे दुसऱ्या गल्लीत ती एक नवी पद्धत म्हणून चालू झाली, असंही सांगणारे लोक आहेत.

संध्याकाळी उस्ताद धाकट्याच्या घरी आले. पांढरा शर्ट नव्हता, घरातला साधा सदरा होता. धाकट्याच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि आतल्या दाराशी उभी राहिली. त्यांनी दोन्ही तळहात धाकट्यासमोर उघडून धरले.

"माझा हात गेला रे, धाकट्या."

धाकट्याने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"पैलवानाच्या गाडीत काहीच लागलं नाही हाताला. आज तर..." त्यांनी न्हाव्याचं सांगायचं टाळलं. "गेल्या महिन्यापर्यंत होता. तुझ्यासमोरच होता ना? एकही गाडी परत आली नाही."

आता इथे धाकट्याला हो म्हणता आलं असतं. हो दादा, गेल्या महिन्यापर्यंत होता. वय झालं, चालायचंच. मग उस्ताद रडले असते, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं, आणि पाटीवर कोणाचं नाव चढलं असतं ते सांगायला नको. दाराशी उभी असलेली बायकोसुद्धा, जिने मोजे काढायला सांगितले होते, तीही त्या क्षणी मान हलवून नको म्हणत होती. पण माणूस इतकी वर्षं उताणा पडून राहिला की तोंडात काय काय साठतं, हे त्याचं त्याला माहीत.

"गेल्या महिन्यापर्यंत मी होतो," धाकटा म्हणाला.

आणि मग त्याने सगळं सांगितलं. तापलेल्या चाकापासून सुरुवात केली. दूधवाल्याची गाडी, फाटलेलं बुश, टाकीमागे नेलेली एकेक गाडी. काही विसरला नाही. उस्तादांच्या ज्या निदानाची गल्लीत सगळ्यांत जास्त वाहवा झाली होती, ते कसं साफ चुकलं होतं, हेही त्याने चवीने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज उंच होत गेला, आणि त्यात आनंद होता. हे बायकोला ऐकू आलं आणि तिने डोळे मिटले.

उस्तादांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही, खोटं बोलतोस म्हणाले नाहीत. झाल्यावर एवढंच विचारलं, "लोक माझ्या पाया पडायचे तेव्हा तू खाली हसायचास?"

"कधीच नाही."

"हसला असतास तर बरं झालं असतं," उस्ताद म्हणाले. "माझे डोळे शाबूत होते. पहार धरता येत होती. एकदा सांगितलं असतंस तर मी शर्ट टाकून तुझ्याशेजारी खाली येऊन पडलो असतो. दोघं मिळून शोधलं असतं. तू मला सांगितलं नाहीस. मखरात बसवलंस आणि बाहेरून कडी लावलीस."

"तुझी लाज राखली मी."

"माझी नव्हे. तुझी मजा राखलीस."

ते उठले. पाणी तसंच होतं. दाराशी परक्या बाईला वाट द्यावी तशी त्यांनी धाकट्याच्या बायकोला वाट दिली आणि निघून गेले.

गॅरेजच्या पाटीवर जावयाचंच नाव चढलं. उस्तादांनी जाणं बंद केलं. जावयाने चाकं सरळ आहेत का ते मोजणारं एक अलाइनमेंटचं मशीन आणून बसवलं, आणि मशीन काय म्हणतं ते लोकांना वाचून दाखवू लागला; मशीन डोळे मिटत नसल्यामुळे त्याला सुरुवातीला जरा जड गेलं. धाकट्याने लाकडाच्या वखारीमागे एक शेड घेतली. तिथे खड्डा नव्हता, जॅक होता. आता वर बसायला तोच आणि खाली पडायलाही तोच.

गिऱ्हाइकं येत, नाही असं नाही. पण त्याच्याकडे बघत उभी राहत, काहीतरी राहिलंय अशा नजरेने. तो आधी खाली जायचा, चाकं हलवायचा, टायर बदलून बघायचा, आणि वर येऊन, बघा, हे असं असं आहे, म्हणून समजावून सांगायचा. ते लोकांना रुचायचं नाही. ज्याला शोधावं लागतं त्याला काय येतं, असं त्यांचं म्हणणं. उस्तादांना शोधावं लागत नसे.

मग मोठ्या बाई आल्या. जावयाने त्यांचं बुश दुसऱ्यांदा बसवलं होतं, मग मशीनवर घेऊन ओढ झाकली होती. आता दोन्ही पुढच्या टायरांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या आणि ओढ पुन्हा वर आली होती. धाकट्याने काही बोलायच्या आत गाडी घेतली. नवे टायर घातले, मशीनने बिघडवलेलं पूर्ववत जुळवलं, सगळे सांधे तपासले. मग बाईंना शेजारी बसवून सरळ रस्त्यावर गेला आणि हात सोडून दाखवले. गाडी रेघ मारल्यासारखी गेली. बाई म्हणाल्या, "छान." जरा थांबून म्हणाल्या, "तरी एकदा उस्तादांना दाखवून घेऊ या? माझ्या मनाच्या समाधानासाठी."

धाकट्याला नाही म्हणता आलं असतं. पण ज्या वाक्यासाठी माणूस जन्म घालवतो, ते वाक्य दाराशी जाऊन मागायची संधी आली तर तो किती वेळ मान वळवून बसेल? आणि या गाडीत तर चुकायला जागाच नव्हती. दादाला हाताने नाही कळलं तरी डोळ्याने दिसेल. रस्ता सरळ, गाडी सरळ. तो बाईंबरोबर गेला.

उस्ताद दारात खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी विनंती केली. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन शर्ट बदलून आले. गाडीत बसले, दोन-दोन बोटं स्टेअरिंगवर ठेवली, आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नव्हते. धाकट्याने ते काचेतून नीट पाहिलं. गाडी जाताना सरळ गेली, येताना सरळ आली. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यापासून बोटभर हलली नाही.

उस्ताद उतरले. दार हळू लावलं. आणि आता पहिल्यांदा भावाकडे पाहिलं, चांगलं निरखून.

"डावीकडे ओढते," ते म्हणाले. "अजून."

बाईंनी एक मोठा सुस्कारा सोडला. "तरीच," त्या म्हणाल्या. "मला वाटतच होतं."

उस्ताद खुर्चीत जाऊन बसले. धाकटा तिथेच उभा राहिला, हातात पुसायचं फडकं. बाई गाडीत बसल्या, दोघांनाही नमस्कार केला, खांदा सवयीने झुकवला, स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरलं आणि निघाल्या. नवे टायर, नेमके जुळवलेले सांधे, कुठे काही कमी नव्हतं. गाडी सांगितल्यासारखी उजवीकडे जाऊ लागली.